बांगड्याची खुर्ची

वेल्मिन्स्टरच्या बाजारचौकात नेड ट्रिगवेल मासे विकायचा, आणि त्याने आरोळी दिली की नदीपलीकडच्या मेंढ्यासुद्धा चरता चरता माना वर करायच्या. "ताजे बांगडे, आजचेच बांगडे." ही आरोळी तो एका चालीवर द्यायचा. बाहेरगावच्या माणसाला वाटे, मासे असेच विकत असतील. कॅथेड्रलचे पाद्री मात्र ऐकून गालातल्या गालात हसायचे, कारण ती चाल होती कॅथेड्रलच्या शाळेतल्या, जेवणाआधीच्या प्रार्थनेची. खुद्द नेडला याचा पत्ता नव्हता. त्याच्या बायकोला, बेरिलला, होता. पण ती कधी बोलली नाही. बोलली असती तर हा लाजून गप्प झाला असता आणि धंदा बसला असता.

तर हा नेड त्या शाळेतला. बाप मासेवाला, फी कुठून भरणार? पण लहानपणी नेडचा गळा असा होता की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांना शाळा फुकट, म्हणून तो आत गेला. बाकीची मुलं डॉक्टरांची, वकिलांची, पाद्र्यांची. त्यांनी पहिल्याच दिवशी वास घेतला आणि नाव ठेवलं, बांगडा. त्याच्या शेजारी उभा राहायचा जाइल्स फेन्विक, उंच, मानेने लांब. नेडने त्याला लगेच बगळा करून टाकलं. फिट्टंफाट झाली आणि दोघांची गट्टी जमली.

डिसेंबरात, संत निकोलसच्या दिवशी, गाणाऱ्या मुलांपैकी एकाला त्या दिवसापुरता बिशप करतात. गाण्यात थोरामोठ्यांना खाली उतरवण्याची ओळ आली की खरा बिशप आपल्या जागेवरून उठतो, आणि उंच टोपी घातलेला मुलगा पोरांसाठीच केलेल्या लाकडी खुर्चीत जाऊन बसतो. त्या वर्षी तो मान नेडला मिळाला. त्याचा बाप दुकान अर्धवट टाकून आला, आणि अंगाला वास येतो म्हणून मागे दाराशीच उभा राहिला. नेडला टोपीखालून सगळं कॅथेड्रल दिसत होतं, पण त्याने पाहिलं ते दाराशी. पुढच्या वर्षी बगळा बिशप झाला. मग दोघांचे आवाज फुटले, बगळा कायदा शिकायला गेला आणि बांगडा दुकानात.

शाळेच्या जेवणघरात भिंतीवर मोठी काळी पाटी आहे, तिच्यावर नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं सोनेरी अक्षरांत. कोणी आरमाराचा प्रमुख, कोणी हृदय कापून शिवणारा, कोणी बर्फात वाट चुकून तीच वाट शोधून काढणारा. सर जाइल्स फेन्विक, न्यायाधीश, हेही नाव तिथे चढलं. नेड दर शुक्रवारी शाळेच्या स्वयंपाकघरात मासे पोचवायचा, तेव्हा त्या पाटीखालून जायचा.

"तुझं नाव कुठे दिसत नाही ते?" बेरिल त्याला डिवचायची.

"माझं दुकानाच्या पाटीवर आहे की. आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत."

पण एक गोष्ट नेडने मनात धरली होती. उन्हाळ्यात साठी उलटलेल्या माजी विद्यार्थ्यांचं जेवण असतं. तिथे मानाची जागा न्यायाधीशाला नाही की आरमारवाल्याला नाही. ती मिळते, लहानपणी बिशप झालेल्यांपैकी जो हयातांत सगळ्यांत जुना त्याला. त्याला ती लाकडी खुर्ची मिळते. वसंतात त्या खुर्चीत बसणारे म्हातारे मिस्टर पेनहॅलो वारले. त्यांना पोचवून परत येताना नेड रस्त्यात थबकला. "बेरिल, आता मी आहे."

"आता तू आहेस ते मला माहीत आहे. पण गाणार कोण?"

कारण खुर्चीत बसण्याआधी शाळेतल्या त्या जेवणाआधीच्या प्रार्थनेची पहिली ओळ एकट्याने म्हणावी लागते. साथ नाही, सूर द्यायला ऑर्गन नाही. ओळ मोडली की मान त्याच्यानंतरच्या वर्षीच्या बिशपला. म्हणजे बगळ्याला. आणि नेड आवाज फुटल्यापासून गायला नव्हता. तेव्हापासून त्याने फक्त आरोळ्या दिल्या होत्या, आणि त्यांनी गळ्याची पार चाळण झाली होती.

त्याने दुकानाच्या मागे बर्फाच्या खोलीत सराव सुरू केला. खालच्या सुरात, हळू, अंगाई म्हटल्यासारखं. बेरिल मधाचं गरम पाणी घेऊन यायची.

"बाहेर एक बाई विचारत होत्या, आत कोणाला बरं नाही का म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, नवऱ्याला जरा मान मिळणार आहे, त्याचा त्रास होतोय."

जेवणाच्या दिवशी सकाळी सर जाइल्स दुकानात आले. धुरी दिलेले मासे घेतले, मान लांब करून पाटावरचे सगळे न्याहाळले.

"बांगड्या, ऐकलं की तू गातोस."

"तूही गातोस का, बगळ्या, की नुसत्या शिक्षा ठोठावतोस?"

"मी रोज न्हाणीघरात गातो. जमत नसेल तर आधीच सांग, चारचौघांत फजिती नको. बसेन मी. माझी काही ना नाही."

"तुझी ना नसणार हे मला शाळेपासून माहीत आहे. माशाचे पैसे ठेव आणि जा."

ते गेल्यावर नेड बराच वेळ एकच बांगडा धूत राहिला. बेरिलने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "पुरे. त्याची साल निघेल."

संध्याकाळी जेवणघर भरलं. पाटीवरची निम्मी नावं पाटीखालीच बसली होती, टक्कल पडलेली, काठ्या टेकलेली. बेरिल निळा पोशाख घालून पहिल्या बाकावर होती. आंघोळ करून, कोट घालून नेड खुर्चीपाशी उभा राहिला. मुख्याध्यापिका मिसेस ओकशॉट यांनी मान हलवली. नेडने बर्फाच्या खोलीत बसवलेला खालचा सूर मनात धरला, श्वास घेतला, आणि नेमकी तेव्हाच कॅथेड्रलची सातची घंटा झाली.

आता शाळेतली सगळी पोरं वर्षानुवर्षं त्याच घंटेवरून सूर उचलत आलेली. हाडात मुरलेली सवय ती. नेडच्या मनातला सूर कुठल्या कुठे गेला आणि तोंडातून निघाला तो लहान बिशपचा, अगदी वरचा. दोन शब्द झाले आणि आवाज चिमणीसारखा चिरकला. मग तोही थांबला.

नेडचे कान लाल झाले. बेरिलने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

नियमाप्रमाणे सर जाइल्स उठले. कोट सारखा केला, बायकोकडे पाहिलं, तोंड उघडलं. पण घंटा त्यांनीही ऐकली होती. त्यांचा सूर नेडच्याही वर गेला आणि असा फाटला की पाटीखालच्या आरमारवाल्याचा दात हलला. मग पाळी त्यांच्यानंतर बिशप झालेल्या हृदयवाल्याची. तोही वरच. मग बर्फात वाट चुकलेला उठला, त्याला तर मुळात सूरच सापडेना. एकेक म्हातारा उठायचा, लहानपणचा सूर धरायचा आणि किंचाळून खाली बसायचा. आधी लोक रुमालात हसत होते, नंतर रुमाल पुरेनात. शेवटच्याने तर आपणहून हात जोडले.

"आता काय?" आरमारवाल्याने दात सांभाळत विचारलं. "पुढे कोणीच नाही."

सगळे बिशप संपतील हे नियम करणाऱ्याच्या ध्यानातच आलं नसावं. मिसेस ओकशॉट डोळे पुसत म्हणाल्या, "मग परत पहिल्यापासून. मिस्टर ट्रिगवेल, जेवण गार होतंय."

नेडचं तोवर हसून हसून पोट दुखत होतं. तो उभा राहिला, पण आता गळ्यात भीती नव्हती आणि कुठला सूरही नव्हता. त्याने आशेने बेरिलकडे पाहिलं. बेरिलने हात तोंडाशी धरला आणि नुसते ओठ हलवले: बांगडे.

क्षणभर त्याला कळेना. मग कळलं. त्याने छाती भरली आणि चौकात उभा असल्यासारखी ती ओळ दिली, जाडी, भरडी, खणखणीत. एक शब्दही हलला नाही. शेवटचा शब्द छतापर्यंत गेला, आणि मग सगळी म्हातारी मंडळी त्याच सुरात पुढची ओळ उचलून उभी राहिली, बगळा सगळ्यांत मोठ्याने.

"इतकी वर्षं तुला माहीत होतं?" प्रार्थना संपल्यावर नेडने बेरिलला विचारलं.

"अख्ख्या गावाला माहीत होतं. बस आता."

नेड बसला. खुर्ची दहा वर्षांच्या पोराच्या मापाची, आणि नेडने आयुष्यभर मासे खाल्लेले. बसला तो बसलाच. जेवण झाल्यावर त्याला उठताच येईना. सर जाइल्सनी एक हात धरला, हृदयवाल्याने दुसरा.

"ओढू का, बांगड्या?"

"थांब जरा," नेड म्हणाला. तो दाराकडे बघत होता. दार उघडंच होतं, तिथे कोणी उभं नव्हतं, बाहेरून नदीचा वारा येत होता. "थांब. पुडिंग आणखी आहे का, ते आधी विचार."