आंब्यावरची तुरमती

तुरमती हे नाव मला पुष्कळ उशिरा कळलं. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी तिला नुसता 'ससाणा' म्हणालो आणि वर चोर ठरवून मोकळा झालो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. मी मेहकरचा, कारकुनाचा मुलगा. बीबी गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात मास्तर म्हणून नवा लागलो होतो आणि एका माळी कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होतो. तोंडाचा फटकळ, आणि आपल्याला सगळं कळतं असा पक्का समज. गावाने तो वाढवलाच. पत्र वाचायचं असो की बाळाच्या अंगावरचं पुरळ दाखवायचं असो, गुरुजी म्हणतील तो शेवटचा शब्द.

घरमालक काकांच्या बांधावर एक जुना आंबा होता. कावळ्याने सोडलेल्या त्यावरच्या घरट्यात त्या पौषात या पाखरांची जोडी राहायला आली. अंगाने पारव्याएवढीच. डोकं आणि मान विटकरी, पाठ राखी-निळी, पांढऱ्या छातीवर बारीक काळ्या रेघा, पाय हळदीसारखे पिवळे. दाट रान त्यांना नको असतं. उघडं शिवार आणि त्यात एखादं उंच झाड, एवढ्यावर त्यांचं भागतं.

नेमकी त्याच दिवसांत घरची कोंबडीची पिल्लं एकेक करून नाहीशी होऊ लागली. काकांनी मला आंब्याखाली नेलं. मी वर पाहिलं, बाकदार चोच दिसली. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात असल्या चोचीचा ससाणा 'उपद्रवी प्राणी' या रकान्यात होता, पायात कोंबडीचं पिल्लू धरून. हाच चोर, असं मी सांगून टाकलं. रविवारी माझ्या देखत बांबूने घरटं पाडायचं ठरलं. मादी अंड्यांवर बसलेली आहे हे मला खालून दिसत होतं, तरी मी बोललो नाही. मला माझ्या शब्दाचीच ऐट होती.

काकू त्या दिवसांत ज्वारीची राखण करायच्या. कणसं दुधात आली की चिमण्यांचे थवे उतरतात, म्हणून दिवसभर मचाणावर गोफण घेऊन बसायचं. रविवारी सकाळी काका बांबू आणायला गेले आणि काकूंनी मला हुरडा खायला शेतात बोलावलं. हुरडा म्हटल्यावर मी कशाला मागे राहतो? पण आगटी पेटवायच्या आधी त्यांनी मला मचाणावर चढवलं. स्वतः गोफण मांडीवर ठेवून बसल्या.

थोड्या वेळाने थवा कणसांवर उतरला. मी गोफणीला हात घालणार, तर काकूंनी माझं मनगट धरलं. एक तुरमती कणसांच्या शेंड्यांना लागून सरळ निघाली. थवा घाबरून वर उठला, आणि वर दुसरी टपलेलीच होती. चिमणी घेऊन ती आंब्यावर गेली. बाकीच्या पलीकडच्या शिवारात पांगल्या त्या पुष्कळ वेळ आल्या नाहीत.

मग काकू मला आंब्याखाली घेऊन गेल्या. तिथे चिमण्यांची, चंडोलांची पिसं पडली होती. कोंबडीच्या पिल्लाचं एकही नव्हतं.

"पिल्लं मुंगसानं नेली, गुरुजी. म्या माह्या डोयानं पाह्यलं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यायले सांगतलं, तं म्हनतात, तू का गुरुजीपेक्षा जास्त शिकली?"

माझे कान तापले. एवढ्यात काका खांद्यावर बांबू घेऊन बांधावर आले. चूक कबूल करायला मी अजून शब्दच जुळवत होतो. काकूच पुढे झाल्या.

"गुरुजी पाहाले आल्ते. म्हनतात, हे पाखरू कोंबडीचं नाही, चिमन्याइचं हाय. राहू द्या म्हनतात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "गुरुजीच म्हनतात तं राह्यलं," म्हणत त्यांनी बांबू बांधावर टाकला आणि गोवऱ्या पेटवायला बसले. काकूंनी हुरड्याची पहिली मूठ माझ्याच हातावर चोळून दिली. इतका गोड हुरडा मी पुन्हा खाल्ला नाही, आणि इतका जडही कधी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी तक्त्यावरच्या त्या ससाण्यावर कागद चिकटवला. त्या साली आंब्यावरून तीन पिल्लं उडाली. काकांनी गावभर सांगितलं की गुरुजींना पाखरांतलं फार कळतं. तेव्हापासून दूरदूरची माणसं मला पाखरं दाखवायला आणू लागली. लाज वाटून मी खरोखरच पाखरांकडे नीट पाहायला शिकलो. आयुष्यभराचा आनंद मला त्यातून मिळाला.

काकू आता नाहीत. त्यांनी माझी लाज राखली आणि मी ती त्यांच्या हयातीत मुकाट्याने राखून घेतली. म्हणून आज लिहून ठेवतो: ते पाखरू मी ओळखलं नव्हतं. काकूंनी ओळखलं होतं.