सायलेन्सरवाल्याची चिठ्ठी

ये, अशी जवळ बस. लांबूनच ‘बरी आहेस ना आई?’ विचारायचं आणि मी ‘बरी आहे’ म्हटलं की फोन ठेवून द्यायचा, ही कुठली रीत गं? समोर असतीस तर आधी कान पिळला असता आणि मग चहा टाकला असता. तुझ्या माणहून इथं आकुर्डीला यायचं म्हणजे काही परदेश नाही. व्याख्यानमाला होऊन दोन महिने झाले, तू उंबऱ्याला पाय लावला नाहीस. इकडे तुझा भाऊ तुझं नाव काढत नाही. तुम्हा दोघांत जे फाटलंय त्यात माझाही हात आहे. फोनवर ते तोंडाशी येतं आणि परत जातं, म्हणून लिहिते. अर्ध्यात चिडून ठेवू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

माझी शाळा चौथीत सुटली. बाकीचं जे काही शिकले ते व्याख्यानमालेच्या सतरंजीवर. तुम्ही लहान होतात तेव्हा तुम्हाला मांडीवर घेऊन जायची. धरणं, ग्रहणं, शेअर बाजार, मधुमेह, जे असेल ते ऐकायचं. अर्धं कळायचं नाही, पण घरी येताना वाटेत ते अर्धं मनात घोळवायचं. भाषण संपलं की प्रश्न चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे पाठवायची पद्धत होती, अजून आहे. नाव लिहायचं नाही. एकदा मी विचारलं होतं, अणुभट्टी थंड करायला एवढं पाणी आणतात कुठून? अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली, म्हणाले, “अक्षरावरून भगिनींचा प्रश्न दिसतो. भगिनींना पाण्याची काळजी असायचीच!” सगळी सभा हसली आणि ते पुढच्या चिठ्ठीकडे वळले. उत्तर राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून मी चिठ्ठी लिहिताना बाई कुठं दिसणार नाही अशी लिहिते.

यंदा परिसंवाद ठेवला होता: वीज, हवामान आणि उद्याचे संगणक. पाहुण्यांमध्ये तू. कार्यक्रम मुद्दाम गुरुवारी, कारण आपल्याकडचा कामगार गुरुवारीच मोकळा. सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेतली तर विजेचं गणित बिघडतं म्हणून वार वाटून दिले, असं तुझे बाबा सांगायचे. आपला रविवार कायम गुरुवारी यायचा. तू संगणकवाली झालीस आणि तुझा रविवार पुन्हा रविवारी गेला. तेव्हापासून तुम्ही बहीण-भाऊ सणालाच काय ते भेटता.

त्या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चाकणला तुझ्या भावाची रात्रपाळी बंद झाली होती. संध्याकाळी टीव्ही लावायचा, त्यात पाच चौकटींत पाच जण भांडत असायचे. एक म्हणे, सगळ्या गाड्या विजेवर जाणार. दुसरा म्हणे, कोळसा सोडला तर देश अंधारात जाईल. तिसरा म्हणे, हवामान-बिवामान सगळं थोतांड. हा घास हातात धरून ऐकत बसायचा. मी म्हटलं, “अरे, भात निवतोय.” तर म्हणाला, “आई, विजेच्या गाडीला सायलेन्सरच नसतो.” बस, एवढंच. पंधरा वर्षं त्यानं सायलेन्सरचे पाइप जोडले. त्या एका वाक्यानं माझी झोपच उडाली.

आणि तुझंही मला पटायचं, हीच तर पंचाईत. यंदा चैत्रातच गच्चीवर पाय टेकवेना. तू आलीस तेव्हा मला तुझा तो क्वांटम संगणक समजावून सांगत होतीस. चांगली बॅटरी कशापासून करावी याचा हिशेब आपल्या साध्या संगणकाला जन्मभरात उरकायचा नाही, तो हा उद्या चुटकीसरशी करेल, पण त्याला भयंकर थंडीत ठेवावं लागतं, म्हणालीस. मी विचारलं, “मग एवढं थंड ठेवायला वीज किती लागते?” तू कपाळाला हात लावून हसलीस. “आई, हाच प्रश्न सभेत कुणी विचारू नये म्हणजे झालं!”

तर त्या गुरुवारी मी बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत. तुझा भाऊ मागं उभा, कंपनीतल्या दोन मित्रांना घेऊन. आपली ताई स्टेजवर म्हणून त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आधी कॉलेजातल्या त्या प्राध्यापिका हवामानावर बोलल्या, हळू पण नेमकं. पाऊस येतो तेवढाच, पण चार दिवसांत कोसळून जातो आणि मग उन्हाचा कडाका, हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला आपली तापलेली गच्ची आठवली. मग ते वीजखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ उठले. “गाडी विजेवर, वीज कोळशावर! म्हणजे धूर तुमच्या दारातला काढून दुसऱ्याच्या दारात सोडला, एवढंच.” टाळ्या पडल्या. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, “आणि या ताई ज्या संगणकाची महती गातात, तो अजून पाळण्यात आहे. त्याच्या लग्नाची पत्रिका छापू नका!” केवढा हशा झाला. तू हसलीस खरी, पण पेनाचं टोपण काढ-घाल करायला लागलीस. लहानपणी रडू आवरताना असंच करायचीस.

चिठ्ठ्या गोळा व्हायला लागल्या. माझ्याकडे दोन प्रश्न होते. थंडीचा आणि विजेचा मी गिळला. म्हटलं, पोरीला आधीच टोचून झालंय. दुसरा लिहिला. आणि तो बाईनं विचारलाय म्हणून कुणी हसण्यावारी नेऊ नये म्हणून असा लिहिला: ‘मी चाकणला सायलेन्सरचे पाइप वेल्ड करतो. विजेच्या गाडीला सायलेन्सर नसतो. आमची रात्रपाळी बंद झाली. उद्या दिवसपाळी गेली तर मी काय करायचं?’

होय गं. चिठ्ठी माझी होती.

मला वाटलं, तू माझी शिकलेली लेक, काहीतरी वाट सांगशील आणि मागं उभा राहून तो ऐकेल. घरात तो तुला विचारत नव्हता, तू त्याला सांगत नव्हतीस. म्हटलं, सभेत तरी बोलणं होईल. किती मूर्खपणा! अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं. तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. तू म्हणालीस, “ज्यांना नवीन काही शिकायचंच नाही, त्यांच्यासाठी जग थांबत नाही.”

टाळ्या झाल्या. मागून त्याच्या एका मित्राचा आवाज आला, “राव, घरचीच बॅटिंग! चल भावा, आपल्यासाठी काय जग थांबायचं नाही.” मी वळून पाहिलं तोवर तुझा भाऊ निघून गेला होता. मला आणायला आणि न्यायला तोच होता. मी रिक्षानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा तो अंगणात गाडी पुसत होता आणि फोन स्पीकरवर. मी आत भाकरी थापत होते, सगळं ऐकू येत होतं.

“चारचौघांत मला पाडायची काय गरज होती? घरी विचारायचं होतंस.”

“मी काही लिहिलं नाही.”

“सायलेन्सर, रात्रपाळी... दुसरं कोण लिहिणार?”

“ताई, मी लिहीन तर नाव घालून लिहीन. आणि तू खुशाल म्हण, मला शिकायचं नाही. तू शिकावीस म्हणून कोण आधी कामाला लागलं ते विसर.”

तू फोन ठेवलास. मी दारात येऊन उभी राहिले, हात पिठानं भरलेले. सांगितलं तर तू म्हणशील, आईनंच मला स्टेजवर उघडं पाडलं. तो म्हणेल, माझ्या नावानं सभेत गाऱ्हाणं घालायला तुला कुणी सांगितलं? दोघंही माझ्यावर उलटाल या भीतीनं मी गप्प राहिले आणि तुम्ही एकमेकांवर उलटलात. तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली, तरी तो ती तशीच खाऊन उठला. ते मला जास्त लागलं.

आता आज का लिहिते ते ऐक. चार दिवसांमागं त्याचा शर्ट धुवायला काढला, खिशात एक अर्ज सापडला, चार घड्या घातलेला. इंग्रजीत आहे, पण बॅटरी आणि ॲल्युमिनियम एवढं मला लागलं. शेजारच्या सुनेकडून वाचून घेतला. कंपनी बॅटरी ठेवायच्या पेट्या करायचं काम घेतेय. त्यांचं वेल्डिंग निराळं, यंत्रमानवाकडून करून घ्यायचं. परीक्षा घेऊन थोडेच जण निवडणार. अर्ज द्यायची शेवटची तारीख येता शुक्रवार. अर्ज कोरा आहे, पण कडेला पेन्सिलीनं अवघड शब्दांचे अर्थ लिहिलेत त्यानं, त्यातले काही खोडून पुन्हा लिहिलेत. ज्याला शिकायचं नाही तो माणूस असं करतो का गं?

मी अर्ज होता तसा परत ठेवला. विचारलं नाही. तो तुला फोन करणार नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारायला त्याला लाज वाटते. रोज शर्ट बदलताना तो कागद या खिशातून त्या खिशात जातो. मी कणीक मळता मळता बघते, आणि शुक्रवार जवळ येतोय.

म्हणून म्हणते, आदल्या दिवशीच, या गुरुवारी ये. तुझी सुट्टी नाही हे मला कळतं. एक दिवस रजा टाक, तुझा तो संगणक थंडच राहील. सकाळीच ये, तो बाहेर पडायच्या आत. चिठ्ठीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तू शेजारी बसलीस तरच सांगेन, एकटीनं सांगायची छाती होत नाही. मग काय रागवायचं ते दोघं मिळून माझ्यावर रागवा, आणि रागावून झालं की तो अर्ज घेऊन बसा. ये बाई, लवकर ये.