तिसरा फिल्टर

बाबांना लकवा मारला तेव्हा आमची गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती, आणि पुढे जवळजवळ वर्षभर ती तिथेच उभी राहिली. तिच्याखाली कोंबड्या बसायच्या. हळद वाळवायला ताडपत्री कमी पडली तेव्हा आईनं गाडीवर टाकलेली ताडपत्रीही ओढून नेली. ती परत घालायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि काचांवर धुळीचा थर चढत गेला.

आमचं गाव शिरड शहापूरहून थोडं आत आहे. बाबा शेतकरी. गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती, तीही दुसऱ्यानं वापरलेली, डिझेलवर चालणारी. पण घेतल्यापासून तिचा जास्त उपयोग गावालाच झाला. अवघडलेली बाई दवाखान्यात न्यायची असो की कुणाला साप चावलेला असो, माणसं आमच्या दारात यायची आणि बाबा पायात चपला सरकवून निघायचे. त्यामुळे आजारपणात त्यांना भेटायला येणारेही खूप. पण बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, त्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. खरी तकलीफ शब्दांची होती. समोरचा काय बोलतो ते सगळं कळायचं. स्वतः बोलायला गेले की भलताच शब्द तोंडात यायचा. चमचा हवा असला की कुलूप म्हणायचे. पाणी मागायचं तर "ऊन, ऊन" करायचे. चुकलं हे त्यांना लगेच समजायचं, आणि मग ते वाक्य तिथेच टाकून गप्प व्हायचे. असं करत करत त्यांनी बोलणं जवळपास सोडूनच दिलं.

हिंगोलीला एक बाई असे शब्द हरवलेल्या माणसांकडून बोलण्याचा सराव करून घ्यायच्या. त्याच दवाखान्यात हातापायाचा व्यायामही व्हायचा. त्या बाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. वाट बघा. कितीही वेळ लागला तरी." ऐकायला सोपं वाटलं. पण आपल्या बापाच्या कपाळावरच्या शिरा ताणलेल्या दिसत असताना तोंड मिटून उभं राहणं फार अवघड असतं.

हिंगोलीला नेण्याआणण्यासाठी आम्ही भाड्याची गाडी सांगायचो. ती ऐन वेळी यायची नाही. लग्नसराईत तर मिळायचीच नाही, आणि सराव बुडायचा. शेवटी मी ठरवलं की आपलीच गाडी रस्त्यावर काढायची. चालवायला मला बाबांनीच शिकवलं होतं, कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर. औंढ्याच्या शाळेत नोकरी लागल्यापासून मी बसनं जात होते, पण हात अगदीच विसरला नव्हता.

औंढ्याच्या रस्त्यावर गॅरेज असलेला एक मेकॅनिक मी घरी बोलावला. जवळच्या तांड्यावरचा, माझ्याच वयाचा. काम करता करता कानाला मोबाईल लावून बायकोशी गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलायचा आणि लगेच वळून आमच्याशी मराठीत. त्यानं बॅटरी बदलली, टायरात हवा भरली, मग इंजिनातली ऑईल मोजायची पट्टी ओढून बोटावर ऑईल घेतलं. ते काळंकुट्ट होतं.

"ताई, ऑईल आन फिल्टर बदलल्याबिगर ही गाडी दूर नेऊ नका," तो म्हणाला. "ऑईल हाय माझ्यापाशी. फिल्टर तेवढा हिंगोलीहून आणा. मॉडेल आन साल सांगा, बराबर देतेत."

फिल्टर म्हणजे काय हेही मला तोवर धड माहीत नव्हतं. मी विचारल्यावर त्यानं इंजिनाच्या कुशीला बसवलेला, मुठीत मावेल एवढा काळा डबा दाखवला. इंजिनात फिरणारं ऑईल त्यातून गाळून जातं. आतला कागद घाणीनं भरला की डबाच बदलायचा. बास, एवढंच.

मी हिंगोलीतल्या एका दुकानातून मॉडेल आणि साल सांगून फिल्टर आणला. मेकॅनिकनं ऑईल काढलं, जुना डबा उतरवला आणि नवा लावायला घेतला. तो थोडा फिरला आणि अडकला. त्यानं उलटा फिरवून पुन्हा लावला. पुन्हा अडकला.

"आटे जुळून नाही राहिले," तो म्हणाला. "जोर केला तर इंजिनाचेच आटे खराब होतील." धूळ जाऊ नये म्हणून त्यानं जुना डबाच परत बसवला आणि गेला.

दुसरा फिल्टर मी दुसऱ्या दुकानातून आणला. या वेळी शहाणपणा केला. आट्यांचं माप मेकॅनिककडून विचारून घेतलं. हा मात्र व्यवस्थित फिरला, घट्ट बसला. त्यानं नवीन ऑईल भरलं, मी गाडी सुरू केली. वर्षभरानंतर ते इंजिन बोललं तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. पण थोड्याच वेळात मेकॅनिकनं हात वर केला. "बंद करा." फिल्टरच्या कडेनं ऑईल पाझरत होतं आणि खाली मातीत काळा डाग पसरत होता.

त्यानं मोठा पाना काढला. "जरा आवळून पाहतो."

"न्हाई."

आवाज ओसरीतून आला. बाबा बाजेवर उठून बसले होते. त्यांनी काठी धरली, डाव्या हातानं खांबाला रेटा दिला आणि उभे राहिले. आई पुढे होणार तेवढ्यात मी तिचा दंड धरला. कोणाच्याही आधाराशिवाय ते ओसरीची पायरी उतरले, पाय ओढत गाडीपाशी आले आणि बॉनेटच्या कडेला टेकून उभे राहिले. घाम आला होता.

"न्हाई," ते मेकॅनिकला पुन्हा म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काळीज... काळीज दुसरं हाय."

आई माझा हात सोडवून पुढे झाली. "अवो, काळजात दुखून राहिलं का? बसा आधी. पोरी, पाणी आण."

बाबांनी जोरजोरात मान हलवली. डोळे मिटले. मला वाटलं आता सोडून देतील आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करतील. मेकॅनिक काहीतरी बोलायला लागला होता, त्याला मी हातानं थांबवलं. पत्र्यावर चिमण्या खडखड करत होत्या. बाबांनी डोळे उघडले आणि डावा हात इंजिनावर ठेवला. त्यावर दोनदा थापटलं.

"हे," ते म्हणाले. "हे दुसरं."

"इंजिन?" मी विचारलं. "इंजिन दुसरं आहे, बाबा?"

"व्हय." त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच सुटल्यासारखं वाटलं. "व्हय. इंजन."

मग आईला आठवलं. गाडी घ्यायला बाबांसोबत तीही गेली होती. मी तेव्हा परभणीला शिकत होते. "व्हय की. तो इकणारा माणूस सांगत होता, पहिलं इंजन जाम होऊन बसलं म्हणून कंपनीचं नव्या मॉडेलातलं इंजन टाकलंय, त्याची नोंदबी करून घेतलीय. मला वाटलं चांगलंच हाय, नवं हाय. मी कुठं ध्यानात ठेवते."

मेकॅनिक हसला. "मग साल सांगून काय होणार? गाडी एका सालाची, इंजन दुसऱ्या सालाचं." त्यानं टॉर्चच्या उजेडात इंजिनावर कोरलेल्या नंबरवरची घाण पुसली आणि मी मोबाईलवर त्याचा फोटो घेतला. जुना डबा पिशवीत घातला. त्यावरचा छापील नंबर केव्हाच पुसला होता.

मी म्हणाले, उद्या शाळा सुटल्यावर जाऊन आणते. बाबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तुमी कसे येता?" आई म्हणाली. "बसनं?"

त्यांनी मान डोलावली.

आजारपणानंतर ते बसमध्ये चढले नव्हते. सरावाच्या दिवशी मी रजा घेतली आणि आम्ही तिघं फाट्यावर जाऊन उभे राहिलो. बस आली. पायरी उंच होती. कंडक्टरनं वरून हात दिला, मी मागून कमरेला धरलं आणि बाबा चढले. जागा मिळाली. औंढ्याला भाविकांची गर्दी आत शिरली तेव्हा त्यांनी आपणहून पाय आत ओढून एका म्हाताऱ्या बाईच्या गाठोड्याला जागा करून दिली.

दवाखाना आटोपून आम्ही गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदार वयानं मोठा, हिंदीत बोलणारा. त्यानं बाबांना आधी स्टूल दिलं. मी फोटो दाखवून सगळी हकिकत सांगितली. त्यानं कॉम्प्युटरवर इंजिनाचा नंबर टाकून पाहिला.

"इस इंजन में दो तरह के आते हैं, आपका दोनों में से एक होगा," तो म्हणाला. "पहलेवाला और बादवाला. दोनों निकालता हूँ. चाचा, आराम से देखो."

त्यानं दोन्ही डबे काउंटरवर ठेवले, शेजारी आमचा जुना. बाबांनी तिन्हींकडे बघितलं आणि जुन्याइतकाच उंच असलेला डबा पुढे ओढला. "हा."

मलाही तो बरोबर वाटला. रंगसुद्धा तसाच होता. पण मातीतला तो काळा डाग अजून माझ्या डोळ्यांपुढे होता. मी म्हणाले, "बाबा, खालून बघू." आम्ही तिन्ही डबे पालथे केले. मधल्या भोकातले आटे सगळ्यांचे सारखेच होते. कडेचं रबराचं गोल कडं मात्र वेगळं होतं. बाबांनी निवडलेल्याचं कडं जुन्यापेक्षा किंचित लहान दिसत होतं. मी जुना डबा उचलून त्याच्या तोंडाला तोंड लावलं. कडा जुळेनात. दुसऱ्याला लावलं तेव्हा रबरावर रबर बरोबर बसलं, कुठेही फट नाही. तो डबा जुन्यापेक्षा बुटका होता.

बाबा चुकले म्हणून खट्टू होतील अशी मला धास्ती वाटली. त्यांनी दोन्ही डबे घेऊन स्वतः तसंच लावून पाहिलं, बुटका डबा धरायला उजवा हात पुढे केला. बोटं थरथरली पण डबा पडला नाही. मग त्यांनी विचारलं, "उंची?"

दुकानदाराला प्रश्न पुरता कळला. "उंची का मसला नहीं, चाचा. जगह में बैठना चाहिए बस. मुँह मिलना चाहिए, और अंदर का वॉल्व वही होना चाहिए. वो मैंने देख लिया है."

"मग हा," बाबा म्हणाले, आणि बुटका डबा माझ्या पिशवीत टाकला. त्या क्षणी आई माझ्याकडे बघत होती. प्रश्न त्यांनीच विचारला होता आणि उत्तर ऐकून ठरवलंही त्यांनीच. घरातला एवढासुद्धा निर्णय त्यांनी कित्येक महिन्यांत घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. सांडलेलं ऑईल पुसून त्यानं इंजिनावरची बैठक स्वच्छ केली. आधीच्या फिल्टरचं रबर तिथं चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. मला म्हणाला, बोट फिरवा तुम्ही पण. मी फिरवलं. नव्या फिल्टरच्या रबराला थोडं ऑईल चोळायचं असतं, कोरडं रबर फिरवताना दुमडतं. ऑईलची वाटी त्यानं बाबांसमोर धरली. बाबांनी उजव्या हाताचं बोट बुडवलं आणि त्या कड्यावरून सावकाश फिरवायला लागले. दवाखान्यात हाताचा व्यायाम घेणाऱ्या दुसऱ्या बाई हेच बोट सरळ करायला सांगायच्या तेव्हा ते वैतागायचे. आता कुणी काही सांगत नव्हतं. कडं पुरं ओलं होईपर्यंत ते थांबले नाहीत.

फिल्टर मेकॅनिकनं हातानंच बसवला, पाना लावला नाही. गळून कमी झालेलं ऑईल भरून काढलं. मी किल्ली फिरवली. समोरचा ऑईलचा लाल दिवा थोडा वेळ तसाच राहिला आणि मग विझला. आम्ही इंजिन चालू ठेवलं. मेकॅनिक खाली आडवा झाला, तिथून म्हणाला, "सुकं हाय." गाडी बंद करून त्यानं पट्टी ओढली, थोडं ऑईल आणखी घातलं. आईनं स्वतः वाकून खाली बघितलं आणि मगच चहा ठेवायला गेली.

पुढच्या सरावाला आम्ही आमच्या गाडीनं गेलो. औंढा येईपर्यंत मी इतकी हळू चालवली की मागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवून वैतागले. बाबा शेजारी बसून हातानं खुणा करत होते, आणि मध्येच एक-एक शब्द. "गियर." "आता काढ." काही शब्द चुकायचे. चुकला तर ते दुसरा शोधायचे. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी त्या दिवशी त्यांना आठवड्यात काय काय केलं ते सांगायला लावलं. बाबा बराच वेळ सांगत राहिले. बाई मध्ये कुठेही बोलल्या नाहीत.

परतताना आई मागच्या सीटवरून म्हणाली, "धरण बघून लई दिवस झाले." मग आम्ही वाट वाकडी करून सिद्धेश्वर धरणावर गेलो. ऊन उतरत होतं. पाण्याच्या कडेला एक मासेमार जाळं झटकत होता. बाबा काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले. आम्ही दोघी गाडीपाशीच थांबलो, पण बोलणं ऐकू येत होतं.

"आज काय..." बाबा थांबले. तो माणूस जाळं झटकतच राहिला, त्याला काही घाई नव्हती. "आज काय लागलं?"

"रोहू लागला जरासा," तो म्हणाला. "वारा लई हाय आज. तुमी कुन्या गावचे?"

बाबांनी गावाचं नाव सांगितलं. त्या माणसानं तिथल्या आपल्या पाहुण्यारावळ्यांची नावं काढली आणि दोघं बोलत उभे राहिले. त्याला बाबांच्या आजाराची काहीच कल्पना नव्हती. तो कुठल्याही माणसाशी बोलावं तसा बोलत होता.