जाऊबाईंचा शुक्रवारचा निरोप

संध्याकाळचा दिवा लावून झाला की मी वही घेऊन बसते. एरवी चार ओळींत उरकतं: काय केलं, कोण आलं, देवाचे आभार कशाबद्दल मानायचे. आज जाऊबाईंबद्दल लिहायचं आहे, तेव्हा पानं लागतील.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या पत्नी. वरच्या मजल्यावर त्या राहतात, खाली आम्ही. प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग त्यांच्याकडे. वर्षानुवर्षं दुसरीच. भावोजी म्हणतात, "आमच्या घरात एक माणूस दरवर्षी नापास होतंय, कधी तिसरीत जायचं नाव नाही." जाऊबाई पूर्वी यावर हसायच्या. हल्ली नुसत्या भावोजींकडे बघतात आणि जिना चढायला लागतात. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गुडघे गेलेत. घसाही गेलाय. डॉक्टरांनी सांगितलं, कमी बोला. "त्यांना म्हणावं, माझा वर्ग एक दिवस घ्या, मग ठरवू कुणी कमी बोलायचं," असं म्हणता म्हणताच त्यांना खोकला आला.

म्हणून यंदा त्यांनी शाळेच्या मोठ्या बाईंकडे शब्द टाकला होता, की पुढच्या वर्षी मला वर्ग नको, ग्रंथालय द्या. मोठ्या बाईंनी कबूलही केलं होतं. त्या दिवशी जाऊबाई खाली येऊन माझ्याकडे चहा प्यायल्या, म्हणाल्या, "पुस्तकांवर ओरडावं लागत नाही गं. दिवसभर खुर्चीत बसायचं. बसायचं म्हणजे काय असतं ते विसरलेय मी."

आता शुक्रवारच्या निरोपाचं सांगते. दर शुक्रवारी त्या सगळ्या पालकांना मोबाइलवर आवाजी निरोप पाठवतात. या आठवड्यात वर्गात काय झालं, मुलांना काय जमलं, कुठे अडलं, आणि घरी काय करायचं. घरचं काम एकच. "दोन सांगितली की एकही होत नाही," हा त्यांचा अनुभव. आधी त्या हेच कागदावर लिहून पाठवायच्या. पण आमच्या इथे शाळेतून कागद आला म्हणजे तक्रार, अशी लोकांची पक्की समजूत. कागदात 'मुलीने वजाबाकी छान केली' असं असायचं आणि तो वाचायच्या आधीच मुलीच्या पाठीत धपाटा बसलेला असायचा. शिवाय काही घरांत वाचणारंच कुणी नाही. त्या घरांसाठी निरोपाच्या शेवटी त्या पुढच्या आठवड्याचा धडा स्वतः वाचून ठेवायच्या, म्हणजे आईबापांना निदान कळेल, मूल काय शिकणार आहे.

वरच्या मजल्यावर रस्त्याचे भोंगे, शाळेत शिक्षकांच्या खोलीत गप्पा. म्हणून रेकॉर्डिंग व्हायचं माझ्या कोठीच्या खोलीत, धान्याच्या डब्यांमध्ये, बुटक्या स्टुलावर. तिथे आवाज घुमत नाही. मी पलीकडे स्वयंपाक करताना ऐकायचे. आईबापांकडून उत्तरं काय यायची? अंगठे. कुणी फुलांचं चित्र पाठवायचं. एक वडील दर वेळी एकच विचारायचे, "सोमवारी सुट्टी आहे का?" जाऊबाई मोबाइल माझ्यापुढे धरायच्या, "बघ, ऐकलं यांनी."

एकीचं मात्र खरं उत्तर यायचं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीचं. तिची मुलगी जाऊबाईंच्या वर्गात. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभीच राहत नाही. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. इस्त्रीवालीला अक्षर येत नाही. पण तिचा निरोप ठरलेला: "बाई, भिंगरीनं आख्खा धडा वाचून दाखवला. बोट ठेवून वाचला. गिऱ्हाइकं ऐकत उभी राहतात बाई!" मागे इस्त्रीची वाफ फुसफुसताना ऐकू यायची. वर्गातही भिंगरी घडाघडा वाचायची. मग पुढच्या शुक्रवारी जाऊबाई तिच्यासाठी वेगळा निरोप करायच्या, "भिंगरी छान वाचतेय. घरी असंच चालू ठेवा." हा निरोप करताना त्यांचा थकलेला आवाज जरा उजळायचा. मला वाटायचं, या एका मुलीवर बाईंचा आठवडा निघतो.

एका शुक्रवारी काय झालं, मी कुकर लावला आणि देवाचं म्हणत बसले. त्या आत धडा वाचत होत्या. मांजराचा धडा. "मांजर पायरीवर बसलं. पायरी गार होती," इथवर आल्या आणि कुकरची शिट्टी झाली. वाचता वाचताच त्या ओरडल्या, "अगं, गॅस बारीक कर!" आणि पुढे, "मांजराने शेपूट पायाशी घेतली." संपल्यावर मी म्हटलं, पुन्हा करा. त्या भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. "जाऊ दे. घशात जीव नाही. त्यांच्या घरी काय कुकर नसतात?" तसंच पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात मी कपडे आणायला इस्त्रीवालीकडे गेले. लांबट खोली, अर्धी टेबलाने भरलेली, बाकी अर्धी गाठोड्यांनी. भिंतीला टेकून घडी केलेल्या कपड्यांचे गठ्ठे, वर्तमानपत्रात बांधलेले. भिंगरी गाठोड्यावर बसून पाय हलवत होती.

"बाईंच्या जाऊबाई आल्यात, वाचून दाखव गं," इस्त्रीवाली म्हणाली. शर्टाच्या कॉलरवर पाण्याचा हात मारत होती, पण कान इकडे.

भिंगरीने पुस्तक उघडलं. ओळीवर बोट ठेवलं. स्वच्छ, ठणठणीत आवाजात वाचायला लागली. "मांजर पायरीवर बसलं. पायरी गार होती. अगं, गॅस बारीक कर. मांजराने शेपूट पायाशी घेतली."

बोट ओळीवरून सरळ पुढे गेलं. कुठेही अडलं नाही.

"कशी वाचते!" इस्त्रीवाली म्हणाली. "मी इस्त्री करते, मोबाइल इथे खुंटीला टांगते. बाईंचा आवाज दिवसभर लावून ठेवते. तीही ऐकते, मीही ऐकते. बाई सांगतात ना, घरी मदत करा. मला दुसरी कसली मदत जमणार?"

मी "छान, छान" म्हणाले आणि कपडे घेऊन निघाले. कुणाला कळो न कळो, मला कळलं होतं, कारण मी तेच करते. रोज पोथी उघडते, बोट ओळीवर, ओठ चालू, पान उलटायची वेळ आली की हात आपोआप पान उलटतो आणि मन दुधावर. पोथी पाठ आहे म्हणून निभतं. देव चालवून घेतो. तिसरीचं पुस्तक चालवून घेणार नाही.

जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या पायाला तेल लावत बसल्या होत्या. हात थांबला. "गॅस बारीक कर म्हणाली?"

"हो. बोटही नीट चालत होतं."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर त्याच धड्यातले शब्द उलटसुलट करून लिहिले. गार मांजर पायरीवर नव्हतं, असं काहीतरी. भिंगरीला पुढे बोलावलं. भिंगरीने फळ्याकडे एकदा बघितलं आणि छताकडे बघून पहिल्यापासून धडा म्हणायला सुरुवात केली.

भावोजी जेवताना म्हणाले, "आता वर्षाची अखेर. पोरगी वर जाईल, पुढचे बघतील. तू तर ग्रंथालयात असशील."

"पुढचे बघतील तेव्हा पोरगी मागच्या बाकावर असेल," जाऊबाई म्हणाल्या. एवढंच. पान पुढे सरकवलं.

तीन चार दिवस तसेच गेले. मला कळत होतं, कशाने अडलंय. सांगायचं तर त्या बाईला सांगायचं, की तुझी मुलगी वाचत नाही. जिने गल्लीभर सांगितलंय तिला. आणि छान वाचते म्हणून दर शुक्रवारी कळवलं कुणी? यांनीच. न सांगता सोडलं तर कुणी विचारणारं नव्हतं. मी रोज दिव्यापुढे म्हणत होते, देवा, यांना जरा विसावा दे. पण कसला विसावा मागतेय, सांगण्याचा की न सांगण्याचा, ते माझं मलाच ठरत नव्हतं.

मग एका दुपारी म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. जिना उतरताना हात दे."

इस्त्रीवालीने बाईंना बघून पदराने स्टूल पुसलं. "बसा ना बाई."

"तुम्ही उभ्या आणि मी कशी बसू?" टेबलाला धरून उभ्या राहिल्या. आणि सांगितलं. आडवळण नाही. "भिंगरीला धडे पाठ आहेत. वाचता येत नाही."

इस्त्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवली नाही. शर्ट उलटला, दुसरी बाही घेतली. "दर आठवड्याला छान वाचते म्हणून कोण सांगत होतं, बाई?"

"मी."

"मग?"

"तुम्ही सांगायच्या वाचते, मी मानायचे. मी सांगायचे वाचते, तुम्ही मानायच्या. मी धडा वाचून पाठवला नसता तर तिला तो आधीच पाठ झाला नसता. तुम्ही मी सांगितलं तेच केलंत."

"म्हणजे मी दिवसभर लावून ठेवायचे, ते सगळं वायाच?" तिचा आवाज चिरकला. "उभं राहून राहून माझे पाय सुजतात, तरी मी ऐकवत होते. लोकांना काय सांगू आता? पाठ केलं म्हणून?"

"वाया नाही गेलं. तिला बोलणं छान आलंय. अख्ख्या वर्गात असं कुणी बोलत नाही."

"बोलणं तिला जन्मतः येतं," इस्त्रीवाली फणकारली. "ते तुम्ही नाही शिकवलं."

भिंगरी दारात येऊन उभी होती. "बाई, मी चुकीचं वाचलं?"

"तू चुकली नाहीस," जाऊबाई म्हणाल्या. "गॅस माझाच मोठा होता."

भिंगरीला काही कळलं नाही, पण ती हसली. इस्त्रीवाली नाही हसली.

मग तिने विचारलं, "मला अक्षर येत नाही. मी काय बघणार, ती खरं वाचते की खोटं?"

तेव्हा जाऊबाईंनी गठ्ठ्यांवरचं एक वर्तमानपत्र ओढलं. "पाठ सोडा. यातला कुठलाही लहानसा शब्द धरा. डोळे मिटून बोट ठेवलंत तरी चालेल. खडूने गोल करा. सकाळी विचारा, हे काय? संध्याकाळी तोच गोल पुन्हा विचारा. दोन्ही वेळा एकच सांगितलं, तर बहुतेक वाचलं. वेगळं सांगितलं, तर अंदाज मारला. रागवायचं नाही. फक्त मला सांगायचं."

"आणि दोन्ही वेळा तेच खोटं सांगितलं तर?"

"ती खोटं बोलताना तुम्हाला कळत नाही?"

"ते बरं कळतं," इस्त्रीवाली म्हणाली. तिचं तेवढं एकच हसू त्या दुपारी.

त्यानंतर शुक्रवारच्या निरोपात जाऊबाईंनी धडा वाचणं बंद केलं. फक्त वर्गात काय झालं आणि घरी एक काम. इस्त्रीवालीची उत्तरं बदलली. "बाई, सकाळी घर म्हणाली, संध्याकाळी घार म्हणाली." "बाई, आज तीन गोल केले, तिन्ही वेगळे." "बाई, आज रडली. मीही थोडी रडले. मग दोघी जेवलो." एकदा आलं, "बाई, आज एक बरोबर, दोन्ही वेळा तेच." त्या आठवड्यात आणखी काही बरोबर आलं नाही. जाऊबाई ही उत्तरं ऐकायच्या आणि मोबाइल पालथा ठेवायच्या. उजळलेला आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. पण तिच्या प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायच्या.

आज पालकसभा होती. वर्षाची शेवटची. गुडघा जास्त दुखत होता म्हणून मी सोबत गेले, मागच्या लहानशा बाकावर कशीबशी मावून बसले. एकेक पालक येत होते. इस्त्रीवाली सगळ्यांत शेवटी आली, धुतलेल्या कपड्यांचा वास घेऊन. मोठ्या बाईही तिथेच बसल्या होत्या. आमच्या शाळेत नियम असा, की लहान वर्गात मूल मागे ठेवायचं तर पालकांनी हो म्हणावं लागतं. जाऊबाईंनी नीट समजावलं. वर गेली तर काय होईल, राहिली तर काय होईल. दोन्ही सांगितलं, कुठलीच बाजू गोड करून नाही.

इस्त्रीवालीने सगळं ऐकून घेतलं. हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या चटक्यावर चोळत होती.

"लोक हसतील," ती म्हणाली. "ती पण रडेल. मैत्रिणी पुढे जातील."

"हो," जाऊबाई म्हणाल्या.

"ठेवा दुसरीत." मग जाऊबाईंकडे रोखून बघत, "पण यांच्याच वर्गात. दुसऱ्या कुणी येऊन मला छान वाचते म्हणून सांगायला नको. यांनी एकदा खरं सांगितलंय. पुढच्या वेळीही सांगतील."

मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, पण या पुढच्या वर्षी..." आणि जाऊबाईंकडे बघून थांबल्या.

जाऊबाई टेबलावरच्या खडूच्या तुकड्याकडे बघत होत्या. मी मनात देवाचं नाव घेत होते, आणि या वेळी मन दुधावर नव्हतं.

"ग्रंथालय दुसऱ्या कुणाला द्या," त्या म्हणाल्या. आवाज असा निघाला, जसा दिवसाच्या शेवटी निघतो.

आम्ही घरी निघालो. मी हात धरला होता. कोपऱ्यावर म्हणाल्या, "भावोजींना तुझ्या आता नवं काहीतरी सुचेल. पुन्हा नापास." मला हसू आलं, त्यांनाही थोडं आलं, आणि मग खोकला.

जिन्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "कोठीची खोली पुढच्या वर्षीही लागेल. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

आत्ता लिहायला बसण्याआधी मी कोठीत जाऊन त्या बुटक्या स्टुलावर जुनी उशी बांधून आले. शुक्रवारी कुकर आधीच उतरवून ठेवायचा, हे लक्षात ठेवायला हवं.