आण्णांच्या झाडाची पाटी

आण्णा गेले आणि त्यांच्या नावानं आम्ही चुकीचं झाड लावलं.

आज वर्ष झालं. वर्षभर कुणी बोललं नाही. मी पण नाही.

आण्णा जयसिंगपूरकडचे. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, माझेही सर. वडिलांच्या मागं आमचं काष्ठौषधींचं दुकान माझ्याकडं आलं, तेव्हापासून दर सोमवारी एसटीनं कोल्हापूरला यायचे आणि माल तपासायचे.
मोडायचे, हुंगायचे, चावायचे, थुंकायचे. गिऱ्हाईकासमोर!

वैताग होता हो तो माणूस.

व्हॉट्सॲपवर कुणी पानाचा फोटो टाकला की एकच रिप्लाय, "फूल कुठं हाय?" फूल बघितल्याशिवाय नाव सांगायचे नाहीत.

एकदा अशोकाच्या सालीचं पोतं आलं. अंगावरून फार जातं अशा बायकांना देतात ती साल. ऑर्डर अर्जंट होती, मी दळायला घेतली.

"बघितलीस?"
"आण्णा, पोत्यावर लिहिलंय की."
"पोतं दळणार हायस व्हय?"

साल निघाली खोट्या अशोकाची. बंगल्यांच्या कंपाउंडला खांबासारखा सरळ उभा असतो, तो. कुणा बाईच्या पोटात भलतंच गेलं असतं, तेही माझ्या हातून.
मी चिडून म्हटलं, "फेकून देते."
"का? झाडानं काय पाप केलंय? नाव खोटं हाय, झाड न्हाय. परत धाड."

आणि अशा माणसाच्या शोकसभेनंतर शाळेत 'सीता अशोक', म्हणजे खरा अशोक, लावला. नर्सरीतून लेबलासकट आला. पाहुण्यांनी माती लोटली. आम्ही विद्यार्थी, त्यात दोन वैद्य, मोबाईल वर करून उभे. लेबलावरचंच नाव पाटीवर रंगवलं.

मला दिसलं होतं.
खऱ्या अशोकाच्या एका देठाला पानांच्या जोड्या असतात. इथं सुटं एकेक पान, कडा नागमोडी.

मी गप्प बसले. आण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, रडत होत्या, पाहुणे घाईत होते, म्हटलं राहू दे. आण्णा असते तर चालू भाषणात ओरडले असते.

काल ग्रुपवर मेसेज आला, "सरांचा अशोक काय भारी वाढलाय!" खाली नुसते जोडलेले हात.
अरे वाढणारच! तो तसाच वाढतो! एकानं तरी पान बघा की!

मग स्वतःचाच राग आला. मी तरी कुठं बोलले होते?

आज सकाळी काकूंना घेऊन शाळेत गेले. झाडासमोर उभं राहून एकदाचं सांगितलं, "काकू, हा खरा अशोक नाही."

काकूंनी त्याचं एक पान हातात धरलं.
"मला ठावं हाय. त्याच दिवशी बघितलं. म्हटलं, ह्यांच्या पोरांतलं कोण बोलतंय बघू."
मग म्हणाल्या, "वरीस लागलं व्हय गं तुला?"

मी रडले.

आण्णा, झाड तसंच ठेवलंय. पाटी बदलली, खरं नाव लिहिलं.
शेजारी काकूंच्या हातानं दुसरं रोप लावलं. पानं मी तपासलीत, जोड्या आहेत. तरी फूल येईपर्यंत त्याला पाटी लावणार नाही.

श्रद्धांजली त्या दिवशी वाहीन. आज फक्त माफी मागते.