मालिनीचा राहिलेला विषय

मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४. सकाळी अडुसष्ट अंश फॅरनहाइट, ढगाळ. लायब्ररीची दोन पुस्तकं परत केली. गुडघा बरा आहे. पावणेअकराला मालिनी न कळवता आली, हातात कॉलेजचं पत्र. चहा नको म्हणाली.

रोज डायरी लिहायची सवय मला नाशिकच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली, ती अजून टिकून आहे. त्यामुळे मालिनीबद्दल लिहिताना मला निव्वळ आठवणीवर विसंबावं लागत नाही. तारखा माझ्याकडे आहेत.

आमच्या ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळींना मालिनी ठाऊक आहे ती गणपतीच्या मखराचे पडदे शिवणारी म्हणून. ती हार्लन कॉलेजात शिकवते हे थोड्यांना माहीत असतं, आणि काय शिकवते ते सांगितलं की ऐकणारा जरा थांबतो. ती मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायला शिकवते.

ती मूळची इचलकरंजीची. बारावीपर्यंत मराठी शाळा, मग आयटीआयमध्ये शिवणकाम. शैलेंद्रशी लग्न होऊन १९९९ साली इकडे आली आणि ग्रीन कार्ड येईपर्यंतची सात वर्षं तिनं घरात काढली. तेव्हा हार्लन हे कॉलेज नव्हतंच. अवजारांच्या एका जुन्या गोदामात भरणारी ती टेक्निकल स्कूल होती. तीन खोल्या: एकीत वेल्डिंग, एकीत लेथ आणि तिसरीत शिवणाची बारा मशिनं. मुलगी इशिता शाळेत जायला लागल्यावर मालिनीनं तिथं सहा महिन्यांचा कोर्स केला, मग सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षं काम केलं, आणि २०१० मध्ये त्याच तिसऱ्या खोलीत शिकवायला परत आली. माझे यजमान शशिकांत निवृत्त झाल्यावर तिथं आठवड्यातून एकदा यंत्रभागांची ड्रॉइंग वाचायला शिकवत. तिची आमची ओळख तिथली.

शाळा वाढत गेली ती आमच्या डोळ्यांदेखत. आसपासचे कारखाने बंद झाले तसे लोक दुसरं काही शिकायला येऊ लागले. आधी रुग्णसेवेचा वर्ग निघाला, मग कॉम्प्युटरचा, मग नव्यानं देशात आलेल्यांसाठी संध्याकाळचं इंग्रजी. पार्किंगच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली. २०२२ मध्ये पाटी बदलली आणि हार्लन कम्युनिटी कॉलेज झालं. शशिकांतना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांना ती पाटी बघायला मिळायला हवी होती, असं त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं आहे.

कॉलेज झालं म्हणजे नियम आले. शिकवणाऱ्याकडे निदान दोन वर्षांची पदवी हवी. मालिनीच्या अनुभवाचे बरेचसे गुण त्यांनी धरले, बाकीचे विषय तिनं शिकवता शिकवता एकेक करून सोडवले. एकच राहिला. इंग्रजी निबंधलेखन. तो तिनं दोनदा घेतला आणि दोनदा अर्ध्यावर सोडला.

त्या मंगळवारच्या पत्रात हेच होतं. डिसेंबरपर्यंत हा विषय सुटला नाही, तर जानेवारीपासून तिचा वर्ग दुसऱ्याकडे जाईल आणि ती मदतनीस म्हणून राहू शकेल.

"म्हणजे चौदा वर्षं मी शिकवलं," ती म्हणाली, "आणि आता दुसरी कुणी शिकवणार आणि मी तिच्या बॉबिनी भरणार."

मी म्हटलं, भरशील का? ती म्हणाली, भरीन, पण घरी येऊन कुणाशी बोलणार नाही.

तिनं तो विषय तिसऱ्यांदा घेतला आणि त्या आठवड्यापासून तिच्या इंग्रजीसाठी आमचे मंगळवार आणि शुक्रवार ठरले. दहा वाजता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. इशिता आता शिकागोत नोकरी करते. ती आईला फोनवर म्हणाली की मॉम, इंटरनेटवर सगळं आहे, आजींना कशाला त्रास. मालिनीनं तिला सांगितलं, इंटरनेट माझ्या चुका बघून चष्मा पुसत नाही, काकू पुसतात. मी खरंच पुसत असेन, मला कळलं नव्हतं.

सप्टेंबरअखेर मोठा निबंध आला. निम्मे गुण त्याचे. विषय होता: तुम्ही करता त्या कामाबद्दल आतून लिहा. मालिनी दोन दिवसांत चार पानं लिहून घेऊन आली आणि पहिल्यांदाच खुशीत होती. निबंधाची सुरुवात अशी होती की, मी एक शिलाई मशीन आहे, माझा जन्म १९७४ साली झाला.

आपल्यापैकी जे मराठी शाळेत शिकले त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, नदीचं आत्मवृत्त हे सगळ्यांनीच लिहिलेलं असतं. मलाही वावगं वाटलं नाही. मशीननं जाड चामडं कसं ओढलं, किती हात बघितले, गोदामाची काचेची इमारत कशी झाली, सगळं तिनं त्याच्या तोंडून वदवलं होतं. मी 'द' आणि 'अ' ही आर्टिकलं नीट केली, काळ दुरुस्त केले आणि डायरीत लिहिलं, 'मालिनीचा निबंध उत्तम.'

मंगळवार, ८ ऑक्टोबरला तो परत आला. गुण नव्हते. मिस नोवाक नावाची तरुण प्राध्यापिका, इशिताच्या वयाची. तिनं खाली लिहिलं होतं, मशीनची ओळख झाली, तुमची नाही, पुन्हा लिहा. तिसऱ्या पानावर मशीन म्हणत होतं, 'एके दिवशी माझ्यात चुकीचा दोरा होता.' त्याभोवती पेन्सिलीनं गोल करून बाजूला प्रश्न होता: तो कोणी ओवला?

मी मालिनीला सांगितलं की चूक माझी, मी फक्त व्याकरण बघत बसले. तिचं लक्ष नव्हतं. ती त्या गोलाकडे बघत होती. मग म्हणाली की विषय सोडते, बॉबिनी भरते. कागद घडी करून पर्समध्ये टाकले आणि गेली.

शुक्रवारी ती येणार नाही हे धरून मीच गाडी काढली आणि हार्लनला गेले. तिचा वर्ग नुकताच सुटला होता. तिसरी खोली अजून जुन्या गोदामातच आहे, तिला काच मिळालेली नाही. मालिनी एका मशीनपाशी उभी राहून सोमवारची कव्हरं लावत होती. मी खुर्ची ओढली, डायरी काढली आणि म्हटलं, "तू काम कर. मराठीत सांग. मी लिहून घेते."

"काय सांगू?"

"दोऱ्याचं."

तिनं हातातलं कव्हर उलटं केलं. मग तिनं मला एक शिवण दाखवली. सीटच्या कडेला आत एअरबॅग असते. अपघात झाला की ती फुगून बाहेर यायला तिथली शिवण क्षणात उसवावी लागते. म्हणून तेवढ्या वीतभर जागेला ठराविक कच्चा दोरा असतो आणि बाकी सगळ्या सीटला पक्का. कारखान्यात असताना एका सकाळी तिनं दोरा बदलला नाही. एक्केचाळीस कव्हरं पक्क्या दोऱ्यानं शिवली. जेवणाच्या सुट्टीत डब्यातला घास हातात असताना तिला शंका आली.

"कुणाला कळलं नसतं काकू. दोन्ही दोरे काळेच. मी उठले आणि लाइन बंद करायचं बटण दाबलं. दोनशे माणसांचं काम थांबलं. सुपरवायझर आला, त्याला म्हटलं, मी चुकले."

एक्केचाळीस कव्हरं तिनं स्वतः उसवली. कामावरून तिला काढलं नाही, पण त्यानंतर ती रोज घाबरून शिवायची, आणि तिला वाटायला लागलं की हे हातांना आधीच कुणीतरी शिकवलं पाहिजे. म्हणून ती हार्लनला परत आली. हे तिनं शैलेंद्रलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आणि हे मी लिहू?" ती म्हणाली. "मला शिकवू द्यायचं की नाही हे ज्यांनी ठरवायचं, त्यांनाच?"

मी तिला लिही असं म्हटलं नाही. मला खात्री नव्हती. मी लिहून घेतलेली सहा पानं फाडून तिच्या हातात दिली. डायरीचं पान मी आयुष्यात प्रथमच फाडलं.

निबंध तिनं एकटीनं इंग्रजीत लिहिला. मला दाखवायला आणला तेव्हा मी दोन स्पेलिंगं दुरुस्त केली आणि पेन खाली ठेवलं. पहिलं वाक्य होतं, 'चुकीचा दोरा मी ओवला.' पुढे कुठे कुठे इंग्रजी अडखळत होतं, ते मी तसंच राहू दिलं. देण्याआधी तिनं तो शैलेंद्रला वाचून दाखवला. तो म्हणाला, तेव्हा का नाही सांगितलंस, आणि मग म्हणाला, दे.

मिस नोवाकनं तो वाचून मालिनीला बोलावलं आणि विभागप्रमुखांना दाखवू का, असं विचारलं. मालिनीनं हो म्हटलं आणि पार्किंगमध्ये येऊन मला फोन केला. पुढचे पाच आठवडे आम्ही उरलेले छोटे निबंध केले आणि त्या गोष्टीचं नावही काढलं नाही.

मंगळवार, १७ डिसेंबरला ती दहा वाजता नेहमीसारखी आली. बर्फ बुटांना तसाच होता. तिनं फोन माझ्यासमोर धरला. निबंधलेखन, बी ग्रेड. पदवी पूर्ण. खाली विभागप्रमुखांचं पत्र होतं. जानेवारीपासूनचा शिवणाचा वर्ग मालिनीकडेच, आणि तिची परवानगी असेल तर तो निबंध दर सत्राच्या पहिल्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यायची त्यांची इच्छा होती.

"देतेस का परवानगी?" मी विचारलं.

"दिली पण. म्हटलं, वाचू देत. मग दोरा बघतील तरी."

मग ती माझे आभार मानू लागली. मी तिला थांबवलं. शशिकांत गेल्यापासून माझ्या डायरीत हवामान, औषधं आणि कुणाचे फोन आले एवढंच उरलं होतं. त्या चार महिन्यांची पानं उघडली तर प्रत्येक मंगळवार आणि शुक्रवार भरलेला आहे. ज्या शाळेनं तिला मशीनवर बसवलं, तिनंच वाढता वाढता तिला पुन्हा विद्यार्थी केलं, आणि त्या वाढण्यातला एक तुकडा माझ्या टेबलापर्यंत आला. त्याबद्दल आभार मानायचे तर ते मी मानायला हवेत, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं, मग दोघींनी मानून टाकू, आणि फुलके लाटायला उभी राहिली.

संध्याकाळी तिचा निकाल तारखेसह लिहिला. त्याखाली लिहिलं: डिशवॉशरचा फिल्टर काढून धुतला.