नव्यासारखं विमान

नव्वदच्या दशकात जव्हारला आमच्या शेजारी कचेरीतले एक कारकून राहायचे. शर्टावर शाईचा ठिपका पडला तरी दिवसभर बेचैन असणारा माणूस. पण महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं वीतभर मॉडेल जोडून रंगवल्यावर, ते मळवण्यात त्यांनी अख्खा पावसाळा घालवला. धूर बाहेर पडतो तिथे कंदिलाची काजळी बोटाने फिरवली. शिरपामाळावरची माती चाळून चाकांना लावली, मग पंखावर.

"इथं पाय देऊन पायलट चढतो बघा. रोजची माती ती, पुसली तरी जायची नाही."

दसऱ्याला त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, स्कूटर धुतली आणि त्याच बादलीत विमानही साबणाने घासलं. वर झेंडूचं फूल ठेवून त्यांनी हौसेने हाक मारली, "अहो, या ना, कसं नव्यासारखं निघालंय!"

ते आले. विमानाच्या नाकाला त्यांनी स्वतः हळदकुंकू लावलं. "छान निघालं," म्हणाले. वहिनी आत गेल्यावर माझ्याकडे न बघता पुटपुटले, "आता हे कधी उडलंच नाही."

त्यानंतर त्यांची बोटं कायम शर्टासारखीच स्वच्छ असायची.